उष्णतानिरोधन, वीजजोडणी आणि इमारतीचे नियम

उन्हाळ्यातील एक निर्णय

चैत्र-वैशाखाच्या उन्हात काँक्रीटच्या सपाट छताखाली राहणाऱ्या कुटुंबाला आपले घर म्हणजे एक भट्टीच वाटू लागते. नागपूर, अकोला, इंदूर, हैदराबाद किंवा बडोदे येथील वाचकांना हा अनुभव नवीन नाही. दिवसभर तापलेले छत सूर्यास्तानंतरही उष्णता खाली सोडीत राहते, पंखा तीच ऊन हवा फिरवतो, आणि घरात तान्हे मूल किंवा वृद्ध मनुष्य असेल तर हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी घरातील कर्ता मनुष्य एक निर्णय घेतो : छताखाली थर्मोकोलच्या पाट्या लावून फॉल्स सीलिंग करावयाचे, त्यातच दिवे बसवावयाचे, आणि खोलीत वातानुकूलन यंत्रही आणावयाचे.

निर्णय वाजवी आहे. परंतु तो अमलात कसा येतो ते पाहण्यासारखे आहे. प्रथम वायरमन येऊन छताखालून तारा ओढून जातो. मग सीलिंगचा कारागीर येतो आणि त्या तारांवर पाट्या व जिप्समचे तक्ते बसवून सर्व झाकून टाकतो. शेवटी यंत्र बसविणारा येतो आणि जवळच्या उपलब्ध जोडणीतून वीज घेतो. प्रत्येकाने आपापले काम नीट केलेले असते. मात्र एकाने दुसऱ्याला काहीही विचारलेले नसते. धोका उत्पन्न होतो तो या तीन कामांच्या सांध्यावर. इमारतीचे आणि विजेचे नियम प्रामुख्याने या सांध्यासाठीच आहेत, आणि ते कशासाठी केले आहेत हे समजल्यास त्यांचे पालन जाचक वाटत नाही. त्यामागील शास्त्र सोप्या रीतीने सांगावे, हा या पुस्तिकेचा उद्देश आहे.

निरोधन : एक शब्द, दोन अर्थ

निरोधन म्हणजे अडविणे. घराच्या बाबतीत या शब्दाचे दोन अर्थ होतात. छतावर किंवा भिंतीत घातलेला थर उष्णतेला अडवितो, ते उष्णतानिरोधन होय. तारेभोवतीचे पीव्हीसीचे आवरण विजेला अडविते, ते विद्युत्‌निरोधन होय. पहिले सुखासाठी असते, दुसरे प्राणरक्षणासाठी. हे दोन्ही निरोधक एकमेकांशेजारी आले असता पहिला दुसऱ्याचा नाश करू शकतो, ही गोष्ट सर्वसाधारण माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते : पदार्थातून वहनाने, हवेच्या अभिसरणाने आणि किरणांच्या रूपाने, म्हणजे प्रारणाने. थर्मोकोल, काचतंतू किंवा खनिज लोकर यांच्या अंगी कोणतीही जादू नसते. त्यांच्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा कोंडलेली असते. कोंडलेली हवा वाहू शकत नाही, आणि स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. चकचकीत धातूचा पत्रा किंवा वर्ख मात्र निराळ्या तत्त्वावर काम करतो. तो किरण परतवितो. परंतु धातू असल्यामुळे तो विजेचा उत्तम वाहक असतो, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

आता थोडा हिशेब करू. १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या छतातून, दोन्ही पृष्ठभागांवरील हवेचे पातळ थर जमेस धरून, तापमानातील दर अंश फरकाला दर चौरस मीटरमागे सुमारे ३.३ वॅट उष्णता आत येते. या संख्येला उष्णतापारकता म्हणतात. १२ चौरस मीटरच्या खोलीत छताच्या वरील व खालील तापमानांत २० अंशांचा स्थिर फरक आहे असे धरले, तर ३.३, १२ आणि २० यांचा गुणाकार सुमारे ८०० वॅट होतो. भर दुपारी डोक्यावर एक ८०० वॅटची शेगडी पेटवून ठेवावी, तसाच हा प्रकार झाला. त्याच छताला ५ सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोलचा थर दिला, तर पारकता सुमारे ०.६ पर्यंत उतरते आणि आत येणारी उष्णता १४० वॅटच्या आसपास राहते. भारत सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी इको-निवास संहितेचा पहिला भाग तयार केला, त्यात छताची पारकता १.२ पेक्षा अधिक नसावी अशी मर्यादा सुचविली होती. आपल्या उदाहरणातील छताला ही मर्यादा गाठण्यास सुमारे २ सेंटिमीटर थर्मोकोल पुरतो. निरोधनाचा लाभ असा मोठा आहे, आणि तो टाळावा असे सुचविण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही.

तार का तापते?

तारेतून प्रवाह वाहतो तेव्हा तिच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १३ अँपिअर प्रवाह गेल्यास जाणारी व येणारी तार मिळून दर मीटरला सुमारे अडीच वॅट उष्णता होते. २६ अँपिअरला ती सुमारे दहा वॅट होते. उघड्या तारेची ही उष्णता हवेत सहज निघून जाते. पण तीच तार थर्मोकोलमध्ये किंवा काचतंतूत गाडली, तर उष्णतेला वाट उरत नाही. जो थर बाहेरचे ऊन आत येऊ देत नाही, तोच तारेचे ऊन बाहेर जाऊ देत नाही.

साध्या पीव्हीसी आवरणाची तार ७० अंश सेल्सिअसपर्यंत सतत चालावी, अशा हिशेबाने केलेली असते. त्यापलीकडे आवरण मऊ पडते, कालांतराने ठिसूळ होते, त्याला चिरा जातात, आणि एके दिवशी दोन तारांमधील भिंतच नाहीशी होते.

म्हणून ब्रिटनमधील वीजजोडणीच्या प्रमाणग्रंथाने असा नियम घातला आहे की, केबल अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक लांबीपर्यंत उष्णतानिरोधकाने सर्व बाजूंनी वेढलेली असेल आणि अधिक नेमकी माहिती उपलब्ध नसेल, तर तिची प्रवाहक्षमता उघड्या केबलच्या निम्मी धरावी. त्या कोष्टकानुसार भिंतीवर उघडी बसविलेली २.५ चौरस मिलिमीटरची चपटी केबल २७ अँपिअर वाहू शकते. वेढलेली असताना १३.५ अँपिअर. शिवाय ही संख्या सभोवतालची हवा ३० अंशांवर असताना लागू पडते. आपल्याकडे तापलेल्या छताखालील पोकळीत ४५ अंश तापमान असणे मुळीच असंभवनीय नाही. त्यासाठी आणखी ०.७९ या गुणकाने गुणावे लागते. म्हणजे २७ गुणिले ०.५ गुणिले ०.७९, बरोबर सुमारे १०.७ अँपिअर.

याचा व्यवहारातील अर्थ पाहा. २३० व्होल्ट दाबावर ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर घेतो. त्याची केबल छताखालून उघडी गेली होती तोवर निर्धास्तपणे काम करीत होती. निरोधनाचा थर आल्यावर तीच केबल तेवढ्याच प्रवाहासाठी अपुरी ठरली. तिच्या उगमाशी १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे आपोआप तुटणारी कळ, असते. परंतु तिला तारेभोवती काय गुंडाळले आहे हे ठाऊक नसते. ती १६ अँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे जाऊ देते. पहारेकरी जागेवर आहे, पण ज्या चोराला ओळखावयाचे तो चोरच बदलला आहे, अशी ही स्थिती होय.

यावर उपाय दोन आहेत. पहिला जाड तारेचा. त्याच कोष्टकात ६ चौरस मिलिमीटरची केबल उघडी असताना ४७ अँपिअर वाहते. वेढलेली व ४५ अंशांत असताना सुमारे १८.६ अँपिअर. ही १६ अँपिअरच्या कळेखाली सुरक्षित राहते. दुसरा उपाय अधिक सोपा आणि अधिक चांगला : तार निरोधकात गाडूच नये. ती थराच्या खालच्या बाजूने, पट्टीत किंवा नळीत, हवेशी संपर्क राहील अशी न्यावी.

पदार्थांचे परस्परवैर

काही पदार्थ एकटे असताना निरुपद्रवी असतात, पण एकत्र आले की अपाय करतात.

पीव्हीसी आणि थर्मोकोल यांचे असेच आहे. पीव्हीसी मुळात कठीण असते. ते लवचीक व्हावे म्हणून त्यात तेलकट मृदुकारी द्रव्ये मिसळतात. थर्मोकोलचा सतत स्पर्श झाल्यास ही द्रव्ये हळूहळू आवरणातून थर्मोकोलमध्ये उतरतात. परिणामी आवरण ताठर व ठिसूळ होते आणि थर्मोकोलही तेथे झिजते. ही क्रिया वर्षानुवर्षे चालते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. यासाठी दोहोंमध्ये नळी, पट्टी किंवा निदान मोकळी जागा असणे अगत्याचे आहे.

छतात बसविलेल्या दिव्यांचेही तसेच आहे. दिव्याच्या पाठीमागील भाग तापतो आणि ती उष्णता वरच्या पोकळीत जाईल, असे गृहीत धरून तो दिवा घडविलेला असतो. त्यावर निरोधकाचा थर पसरला तर दिवा, त्याचे जोडयंत्र आणि तारेचे टोक ही सर्वच तापतात. दिवा निरोधकाने झाकण्यास योग्य आहे असे निर्मात्याने स्पष्ट सांगितले नसेल, तर त्याच्याभोवती त्याने दिलेले अंतर मोकळे ठेवावे.

तिसरी गोष्ट आगीची. थर्मोकोल हा ज्वलनशील पदार्थ आहे. तो वितळतो, ठिबकतो आणि काळा धूर सोडतो. ज्वालारोधक प्रतीचा थर्मोकोल मिळतो, परंतु तोही अज्वलनशील नसतो. म्हणून तो राहत्या खोलीकडे कधीही उघडा ठेवू नये. जिप्सम किंवा प्लास्टर यांसारख्या आगीला तोंड देणाऱ्या थराने तो झाकावा. खनिज लोकर मात्र जळत नाही, आणि जेथे तारा व दिवे पुष्कळ आहेत तेथे तिला पसंती देण्याचे हेच मुख्य कारण आहे.

ऑस्ट्रेलियातील धडा

जगातील मंदीला तोंड देण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये घरोघरी छतात निरोधक घालण्याची योजना जाहीर केली. खर्च सरकारने सोसावयाचा होता. हेतू स्तुत्य होता : लोकांना काम मिळावे, घरे सुखावह व्हावीत आणि विजेची बचत व्हावी. काम अतिशय वेगाने सुरू झाले आणि दहा लाखांहून अधिक घरांत निरोधक घातले गेले. या उद्योगात कधीही नसलेली नवी मंडळी त्यात शिरली. प्रशिक्षणाची अट आरंभी योजिली होती त्याहून शिथिल करण्यात आली. देखरेख करणारा जाणकार असला की प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे भागेल, असे मानले गेले.

क्वीन्सलँड प्रांतात काही घरांत धातूचा वर्ख वापरला जात होता. तो लाकडी तुळयांना धातूच्या पिनांनी ठोकला जाई. त्या तुळयांवरून विजेच्या केबली जात. ऑक्टोबर २००९ मध्ये एक पिन केबलच्या आवरणातून आत शिरली, संपूर्ण वर्खात वीज उतरली आणि एक तरुण कामगार मरण पावला. धातूच्या पिनांवर बंदी आली. तथापि योजना चालूच राहिली. फेब्रुवारी २०१० पर्यंत एकूण चार तरुण कामगार दगावले. तिघांना विजेचा धक्का बसला, चौथा छताखालील असह्य उष्णतेने गेला. त्यांतील सर्वांत लहान अवघा १६ वर्षांचा होता. अनेक घरांत आगी लागल्याचीही नोंद झाली. १९ फेब्रुवारी २०१० रोजी योजना बंद करण्यात आली. पुढे शाही आयोग नेमला गेला आणि २०१४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. घाई, अपुरे प्रशिक्षण आणि आधीच कळलेल्या धोक्यांकडे झालेले दुर्लक्ष यांवर त्याने बोट ठेवले.

हे चौघे ज्या धोक्यांनी गेले, त्यांत शास्त्राला अज्ञात असे काही नव्हते. धातूतून वीज वाहते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. छतात शिरण्यापूर्वी घराचा मुख्य स्विच बंद करणे, ही बिनखर्चाची कृती तीन जीव वाचविण्यास पुरेशी ठरली असती. ती करावयास सांगणारा नियम आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा मनुष्य, या दोहोंची उणीव होती.

लंडनमधील इमारत

दुसरे उदाहरण रहिवाशांचे आहे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली निवासी इमारतीचे २०१६ साली नूतनीकरण पूर्ण झाले. बाहेरून निरोधकाचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचे शोभिवंत तक्ते बसविण्यात आले. १४ जून २०१७ च्या पहाटे चौथ्या मजल्यावरील एका घरात शीतकपाटापाशी आग लागली. एरवी ती एका स्वयंपाकघरापुरती राहिली असती. परंतु तक्त्यांच्या गाभ्यात पॉलिएथिलीन हा ज्वलनशील पदार्थ होता. आग खिडकीतून बाहेर पडली आणि तक्त्यांवरून सर्व मजले चढली. त्यामागील निरोधकही ज्वलनशील असल्याने आगीला हातभार लागला. ७२ माणसे मृत्युमुखी पडली. २०१८ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील पदार्थ वापरण्यास बंदी घालण्यात आली.

निरोधनाचा थर हा इमारतीचा भाग आहे, तिच्यावर घातलेली शाल नव्हे. तो बदलला की इमारतीची आगीपुढील वर्तणूक बदलते. हा विचार थर बसविण्यापूर्वी करावा लागतो.

आपल्याकडील नियमांची रचना

घरबांधणीवर नियम असावेत ही कल्पना आपल्याला परकी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेचे वर्णन करताना उन्हाळ्यात आगीविषयी कोणती दक्षता घ्यावी आणि ती न घेणाऱ्यास कोणता दंड करावा, हे सांगितलेले आहे. आजची रचना तीन स्तरांची आहे, आणि ती ध्यानात घेतल्यास कोणाकडे काय विचारावे हे कळते.

पहिला स्तर कायद्याचा. वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय आहे. भारतीय विद्युत् नियम १९५६ साली झाले. त्यांची जागा केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली, आणि २०२३ साली तेही नव्याने करण्यात आले. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच अशा वस्तू जोडणीची क्षमता व स्वरूप न पालटता बदलणे आणि जोडणीत भर घालणे वा फेरफार करणे, असा भेद १९५६ च्या नियमांनी केला होता. पहिल्या प्रकारचे काम गृहस्थाला मोकळे होते. दुसऱ्या प्रकारचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत् कंत्राटदारानेच, पात्रतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावयाचे, असा दंडक होता. हाच भेद पुढेही राखला गेला. वातानुकूलन यंत्रासाठी नवी तार ओढणे किंवा फॉल्स सीलिंगमध्ये दहा नवे दिवे घालणे हे उघडच दुसऱ्या प्रकारचे काम आहे.

दुसरा स्तर संहितांचा आणि मानकांचा. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. २०१६ च्या आवृत्तीत चौथा भाग अग्नी व जीवित यांच्या सुरक्षेसंबंधी आहे, आणि आठव्या भागात वीजजोडणीचे प्रकरण आहे. राष्ट्रीय विद्युत् संहिता १९८५ साली निघाली. यांच्या जोडीला भारतीय मानके आहेत : वीजजोडणीच्या पद्धतीसाठी ७३२ क्रमांकाचे, अर्थिंगसाठी ३०४३ क्रमांकाचे, पीव्हीसी तारांसाठी ६९४ क्रमांकाचे. तार विकत घेताना तिच्यावर मानक संस्थेची खूण आहे की नाही, हे पाहणे गृहस्थाच्या हाती आहे.

तिसरा स्तर स्थानिक नियमांचा. संहिता ही मूलतः शिफारस असते. नगरपालिका, महानगरपालिका किंवा राज्य शासन तिला आपल्या नियमावलीत स्थान देते तेव्हा तिला कायद्याचे बळ येते. महाराष्ट्रात बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता बहुतेक भागांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० साली मंजूर झाली. तेलंगण राज्याने २०२३ साली शीत छतांविषयी धोरण जाहीर केले. नियम राज्याराज्यांत असे भिन्न असल्याने, आपल्या पालिकेच्या इमारत विभागाकडे विचारणा करणे हाच खात्रीचा मार्ग होय. सहकारी गृहरचना संस्थेत राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : गच्ची सहसा सामाईक असते, आणि तीवर कोणताही थर घालण्यापूर्वी संस्थेची लेखी संमती घ्यावी लागते.

छताच्या वर की खाली?

निरोधक कोठे घालावयाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर वर सांगितलेले बहुतेक धोके अवलंबून आहेत. छताच्या वरच्या बाजूने घातलेला थर छताच्या काँक्रीटलाच तापू देत नाही. खालील तारा त्यात गाडल्या जात नाहीत. उलट त्या अधिक थंड राहतात. छताचे आकुंचन-प्रसरण कमी झाल्याने भेगाही कमी पडतात. म्हणून शक्य असेल तेथे वरचा थर श्रेयस्कर होय.

मात्र येथे भाराचा विचार आवश्यक आहे. आपल्याकडे गच्चीवर वीटतुकड्यांचा कोबा घालण्याची जुनी पद्धत आहे. १० सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भरते. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर ते १० टन होते. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या सपाट छतासाठी चल भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम धरतात. यावरून जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढविणे किती धाडसाचे आहे, हे दिसून येईल. असे करण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा. निरोधक पाट्यांचा थर पुष्कळ हलका असतो, पण त्यावर जलरोधक थर आणि फरशी लागते. त्यांचेही वजन धरावे. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी गच्चीला दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा. त्याने ऊन परावर्तित होते, छतावर भार येत नाही आणि विजेच्या तारांशी त्याचा काही संबंधही येत नाही.

ओलाव्याकडेही दुर्लक्ष होऊ नये. हवेतील बाष्प उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे झिरपते आणि थंड पृष्ठभागावर त्याचे पाणी होते. शिमल्यासारख्या थंड प्रदेशात ते घरातून बाहेर जाते. कोकणातील वातानुकूलित खोलीत ते बाहेरून आत येते. म्हणून बाष्परोधक पापुद्रा नेहमी उष्ण बाजूला असावा लागतो. ओला झालेला निरोधक उष्णता अडवीत नाही, आणि त्या ओलाव्यात तारेचा सांधा असेल तर वीज भिंतीत उतरू शकते.

कामाचा क्रम

वरील विवेचनावरून घरमालकाने कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. काम सुरू होण्यापूर्वी जुन्या वीजजोडणीची तपासणी करून घ्यावी. परवानाधारक कंत्राटदार ५०० व्होल्ट दाबाच्या मेगर यंत्राने तारांच्या आवरणाचा रोध मोजतो. तो किमान १ मेगओहम असावा. रोध कमी भरल्यास प्रथम तारा बदलाव्या, निरोधक मागाहून घालावा.

२. कोणती तार कोठून जाते, याचा नकाशा कागदावर काढावा आणि तो सीलिंगच्या कारागिराच्या हाती द्यावा. काम झाकण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावी.

३. वायरमन आणि निरोधकाचा कारागीर यांची एकदा समक्ष भेट घडवून आणावी. कोणता पदार्थ, किती जाड, तारेच्या कोणत्या बाजूला, हे दोघांनाही ठाऊक असावे.

४. छतात मनुष्य काम करीत असताना मुख्य स्विच बंद असावा आणि तो कोणी चुकून चालू करणार नाही अशी व्यवस्था असावी. धातूचा वर्ख वापरू नये. वापरल्यास धातूच्या पिना तारांजवळ मुळीच ठोकू नयेत. भर दुपारी कारागिराला छताच्या पोकळीत पाठवू नये.

५. जोडपेट्या झाकून टाकू नयेत. त्यांच्याशी पोहोचता येईल अशी झडप ठेवावी.

६. एमसीबी वारंवार तुटत असेल तर तिच्या जागी मोठी बसवू नये. ती तक्रार करीत आहे. तक्रारीचे कारण शोधावे.

७. अर्थिंग सुस्थितीत आहे याची खात्री करून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारी कळ, बसवून घ्यावी. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. १० वॅटचा लहानसा दिवा सुमारे ४३ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. तेवढाच प्रवाह छातीतून गेला तर मृत्यू ओढवू शकतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी मात्र जाणारा व परत येणारा प्रवाह यांतील तफावत ओळखून क्षणार्धात वीज तोडते.

८. काम संपल्यावर पुन्हा मेगरची तपासणी करावी आणि कंत्राटदाराकडून पूर्णतेचा दाखला घ्यावा. घर विकताना, विम्याचा दावा करताना आणि पुढील दुरुस्तीच्या वेळी हा कागद उपयोगी पडतो.

उपसंहार

नियम म्हणजे सरकारी अडथळा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही; अर्ज, शुल्क आणि फेऱ्या यांनी मनुष्य कंटाळतो, आणि छोट्या कामासाठी परवानाधारक कंत्राटदार मिळणेही सोपे नसते. जेथे नियम अनाकलनीय भाषेत लिहिले जातात तेथे ते मोडले जातात, हाही दोष नियम करणाऱ्यांनी पत्करला पाहिजे. तथापि नियमाच्या मुळाशी गेले असता तेथे बहुधा एखादी दुर्घटना आढळते. धातूच्या पिनांवरील बंदीमागे क्वीन्सलँडमधील एक तरुण आहे. ज्वलनशील तक्त्यांवरील बंदीमागे एका इमारतीतील ७२ माणसे आहेत. त्यांनी दिलेली किंमत पुन्हा कोणी देऊ नये, एवढेच त्या रूक्ष कलमांचे मागणे असते.

आरंभी वर्णिलेल्या कुटुंबाने तीन कारागिरांना एका सकाळी एकत्र बोलाविले, तारा थराखालून नळीतून नेल्या, यंत्राला स्वतंत्र जाड तार दिली आणि एक आरसीसीबी बसविली, तर एकूण खर्चात पडणारी भर फॉल्स सीलिंगच्या मानाने अल्प असेल. त्या बदल्यात वैशाखातील दुपारी खोली थंड राहील. आणि छतात, दृष्टीआड, जी तार वर्षानुवर्षे वीज वाहणार आहे तिच्याविषयी घरातील कोणालाही चिंता करावी लागणार नाही.